सोलकढीचा निकाल कोणी लावायचा?

पेणचे नाव गणपतीच्या मूर्तींनी गाजवले, पोह्यांनी आणि पापडांनी गाजवले. रोह्याची ओळख धावीर महाराजांच्या पालखीची, वालांची आणि रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांच्या घराण्याची. थंडीत दोन्हीकडच्या शेतांत मडक्यात भाजायच्या शेंगांची पोपटी लागते, तेव्हा तिच्यावर हक्क सांगायलाही माणसे पुढे येतात. सोलकढीवर मात्र इथे कोणी मालकी सांगत नाही. ती मालवणची, ती गोव्याची, असे म्हणून लोक मोकळे होतात. आणि तरी पेणपासून पुढे महामार्गावर कुठेही मासळीचे ताट मागवा, गुलाबी पेला सोबत येतोच.

या पट्ट्यातली सगळ्यात चांगली सोलकढी कुठली, हा प्रश्न ताटावर बसून पुष्कळांनी विचारला आहे. त्यावर मनापासून भांडलेले दोघे एकाच घरातले. भाचा पेणला रस्त्यालगत खानावळ चालवतो. जिताडा, कोलंबी, तांदळाची भाकरी आणि सोलकढी, असा त्याचा रोजचा व्यवहार. आत्या रोह्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्या. भाच्याला खानावळीवर नवी पाटी लावायची होती: ‘पेणची एक नंबर सोलकढी’. ती त्याने आत्यांना फोनवर वाचून दाखवली आणि वादाला तोंड फुटले.

“एक नंबर हे ठरवलं कोणी?” आत्यांनी विचारले.

“गिऱ्हाइकांनी. पेला रिकामा होऊन परत येतो, अजून काय पाहिजे? सोलकढीत चांगली-वाईट असं काही नसतं आत्या. ज्याला जी लहानपणापासून प्यायला मिळाली, त्याला ती चांगली.”

“मग पाटी कशाला? ‘ज्याची त्याची सोलकढी’ असं लिही.”

पुढच्या रविवारी भाचा दिव्याहून येणारी रोहा गाडी पेणला पकडून आत्यांकडे निघाला. कासू, नागोठणे, निडी आणि मग रोहा. सोबत थर्मासमध्ये सकाळी केलेली खानावळीची सोलकढी होती. निकाल समोरासमोर लावायचा, असे ठरले होते.

पेण आणि रोहा ही गावे एकाच रेल्वेमार्गावर असली, तरी त्यांच्या ताटांचे स्वभाव वेगळे आहेत. पेण महामार्गावर आहे. तिथे जेवणारा बहुधा वाटसरू, त्याला तासाभरात पुढे निघायचे असते. रोहा महामार्गापासून आत आहे, नागोठण्याहून नाहीतर कोलाडहून वळून जावे लागते. मध्य रेल्वेचा मार्ग इथे संपतो आणि कोकण रेल्वेचा इथून सुरू होतो, पण गाडीतले बहुतेक प्रवासी न उतरता पुढे जातात. म्हणून पेणची सोलकढी अनोळखी माणसाला पहिल्या घोटात आवडावी लागते, आणि रोह्यातल्या घरची सोलकढी रोजच्या भाताशी जुळावी लागते. ‘सर्वोत्तम’चा अर्थ इथेच दोन दिशांना फुटतो.

भाच्याने मुंबईत हॉटेलचे शिक्षण घेतले आहे. त्याने जगाची उदाहरणे काढली. “सिंगापूर स्लिंग घे. रॅफल्स हॉटेलात न्यिआम टोंग बून नावाच्या बारटेंडरने १९१५ साली ती केली असं सांगतात. जिन, चेरी ब्रँडी, अननसाचा रस. तीही गुलाबीच. आज सिंगापूरला गेलेला माणूस लाँग बारमध्ये जाऊन ती पितो, कारण एका हॉटेलाने त्या पेयाला नाव, जागा आणि साल चिकटवलं. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सने तर सॅझरॅकला २००८ साली शहराचं अधिकृत कॉकटेल म्हणून विधिमंडळातून मंजूर करून घेतलं. पेणने सोलकढीला नाव चिकटवलं तर बिघडलं कुठे?”

“आणि त्या स्लिंगची मूळ कृती?”

“तिच्यावर वाद आहेत,” भाच्याने मान्य केले. “कोणी म्हणतं बेनेडिक्टीन होतं, कोणी म्हणतं अननस नंतर आला.”

“म्हणजे नाव टिकलं आणि पेय हरवलं. मला ते उलट हवंय. नाव नसलं तरी चालेल, पेय टिकलं पाहिजे.”

भाचा हटला नाही. फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणून गोव्याबाहेर बनवलेली दारू आज फेणी म्हणून विकता येत नाही. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला २०२२ साली मिळाले, आणि तो तर आपल्याच जिल्ह्यातला. कोकमाला २०१६ साली मिळाले, पण ते सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या नावाने. रायगडचे नाव त्यात नाही. “आपण नाव लावत नाही, म्हणून आपली गणतीच होत नाही,” तो म्हणाला.

हा मुद्दा वजनदार आहे. आत्यांनी तो खोडला नाही, त्यातले एकच टोक पकडले. मानांकन फळाला मिळाले आहे, कढीला नाही. पारख करायची तर तिथूनच करायला हवी.

मग त्यांनी फडताळातून दोन बरण्या काढल्या. एकीत आमसुले, दुसरीत आगळ. कोकमाची फळे, म्हणजे रातांबे, एप्रिल-मेमध्ये पिकतात. फळ फोडून बिया आणि गर वेगळा करायचा. सालीला त्याच रसात पुन्हा पुन्हा भिजवून उन्हात वाळवले की काळपट, मऊ आमसूल तयार होते. सालीला मीठ लावून सुटलेला रस गाळून घेतला की आगळ. साखर घातली तर अमृत कोकम होते, ते सरबताचे. सोलकढीला ते चालत नाही. बियांचेही तेल निघते, म्हणजे फळातले फारसे काही वाया जात नाही. वाया जाते ते झाडाखाली. शेवटची फळे आणि पहिला पाऊस यांची गाठ पडली, की साल वाळत नाही, बुरशी धरते, आणि तोडायला माणूस मिळाला नाही तर ढीगच्या ढीग जागेवर कुजतात.

“आमसुलाची कढी आणि आगळाची कढी या दोन वेगळ्या वस्तू आहेत,” आत्या म्हणाल्या. “आमसूल भिजवून केलीस तर आंबटपणा गोल येतो, पण रंग तपकिरीकडे झुकतो. आगळाने रंग झळकतो, आंबटपणाला धार येते, आणि मीठ आधीच आलेलं असतं. तू कुठलं वापरतोस?”

“आगळ. डब्यातलं.”

“कोणत्या झाडांचं?”

“झाड कोण विचारतं आत्या?”

हा प्रश्न विचारायलाच हवा, कारण कोकमाच्या झाडात नर-मादीचा भेद आहे. बी रुजवून लावलेल्या रोपांपैकी जवळपास निम्मी नर निघतात, आणि ते फुलोरा येईपर्यंत, म्हणजे सहा-सात वर्षे कळत नाही. उरलेल्या मादी झाडांतही प्रत्येकीची साल, रंग आणि आंबटपणा निराळा. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने निवड पद्धतीने ‘कोकण अमृता’ आणि ‘कोकण हातीस’ या जाती दिल्या, त्या याच अडचणीवर. कलम लावले तर झाड कसे निघेल ते आधीच ठाऊक असते. म्हणजे एकसारख्या चवीचे आगळ हवे असेल, तर ते कलमांच्या बागेतून मिळू शकते. परसातल्या एकुलत्या झाडाचे आगळ मात्र दरवर्षी चाखून, अंदाज घेऊनच वापरावे लागते.

भाच्याला यात स्वतःचा विजय दिसला. “हेच मी म्हणतोय! झाडागणिक चव बदलते, तर एक नंबर कुठली कशी ठरवणार?”

“चव बदलते म्हणून हाताला काम उरतं. आगळ जास्त आंबट निघालं तर कमी घाल. मी एक चव शोधत नाहीये, मी तोल शोधतेय. खोबऱ्याचा गोडवा आधी लागावा, आंबट मागून यावं, आणि लसूण-मिरची घशाशी कळावी. हे तीन टप्पे ज्या पेल्यात वेगवेगळे ओळखता येतात, ती सोलकढी चांगली. आगळ कुठलंही असो.”

सोलकढीचा इतका नेमका निकष क्वचित ऐकायला मिळतो.

नारळावर दोघांचे पटेल असे वाटले होते. पेणच्या खारेपाटात भात, मिठागरे आणि जिताड्याची तळी. नारळाची दाट वाडी तिथे नाही. ती पश्चिमेला, नागाव-चौल-रेवदंड्याच्या अष्टागरात आणि खाली मुरूड-श्रीवर्धनला. रोह्याची कुंडलिका रेवदंड्यालाच समुद्राला मिळते, पेणला भोगावतीवर अंतोऱ्याचे बंदर होते. गाड्या आणि ट्रक येण्याआधी या दोन्ही गावांचा किनाऱ्याशी व्यवहार खाडीच्या भरतीवर चालायचा. आज नारळ टेम्पोने येतो आणि खोबरे मिक्सरमध्ये फिरते.

“पाट्याचा आग्रह मी धरत नाही,” आत्यांनी आधीच सांगून टाकले. “मिक्सर चालतो. पाठीचा तपकिरी भाग खवू नकोस, पाणी कोमट घे आणि जाड रस वेगळा ठेव, एवढंच. कोमट पाण्यात स्निग्धांश नीट सुटतो. पण तू पावडर वापरतोस.”

भाच्याने नाकारले नाही. शनिवार-रविवारी गर्दी उसळते, नारळ फोडायला माणूस लागतो, आणि खोबऱ्याचा रस दुपारपर्यंत आंबूस होतो. तयार पावडरीचा नाहीतर डब्यातला रस फुटत नाही, कारण काही डब्यांत तो धरून ठेवणारे घटक घातलेले असतात. “तुझ्या वाटीतली सोलकढी आणि माझ्या पिंपातली यांची तुलनाच नको करू. तुला चार माणसांना वाढायचंय. मला दुपारी बारापासून चारपर्यंत येईल त्याला.”

मग चार पेले मांडले गेले. पहिल्यात खानावळीची थर्मासमधली सोलकढी. दुसऱ्यात आमसुलाची, तिसऱ्यात आगळाची, दोन्ही नुकत्याच केलेल्या. चौथ्यात आत्यांनी मुद्दाम पावडर आणि बीटाचा रस घालून केलेली. घरातल्या मुलांनी चौथा पेला उचलला. रंग सगळ्यात सुंदर त्याचाच होता.

“बघ!” भाचा म्हणाला. “डोळे आधी जेवतात.”

आत्यांनी वाद न घालता खायचा सोडा आणला आणि वेगळ्या वाट्यांत चारही सोलकढ्यांत चिमूट चिमूट टाकला. पहिल्या तीन वाट्यांतला गुलाबी रंग मावळून निळसर-करडा झाला. चौथी होती तशीच गुलाबी राहिली. कोकमाचा लाल रंग ज्या द्रव्यांमुळे येतो, ती आंबटात लाल आणि अल्कलीत निळसर होतात. बीटाचा रंग निराळ्या द्रव्याचा, तो खायच्या सोड्याने हलत नाही. रंग घातलेली सोलकढी ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. सोड्याची पुडी घेऊन जेवायला बसलेला माणूस विचित्र दिसेल, पण त्याला खरे कळेल.

खऱ्या सोलकढीचा गुलाबी रंग फिकाच असतो. आगळ लालभडक असते, नारळाचा रस त्यातला आंबटपणा सौम्य करतो आणि रंग जांभळटाकडे ढकलतो. अधिक गडद रंग हवा तर अधिक आगळ घालावे लागते, मग कढी आंबट होते. रंग आणि चव इथे एकमेकांना बांधलेली आहेत. बीट घातले की ती गाठ सुटते आणि आगळ कमी घातल्याचे डोळ्यांना कळेनासे होते. ग्राहकाची फसवणूक होते ती इथे. पौष्टिक बीटाबद्दल कोणाची तक्रार नाही.

भाच्याच्या थर्मासमधली सोलकढी खऱ्या कोकमाची निघाली, त्याबद्दल आत्यांनी त्याचे कौतुक केले. पण ओठांना मेण लागल्यासारखे वाटते, असेही सांगितले.

“फ्रिजमुळे,” त्या म्हणाल्या. “खोबऱ्याची चरबी साधारण चोवीस अंशांना वितळते. त्याखाली ती गोठायला लागते. तू फ्रिजमध्ये ठेवलेल्या डब्यातून भरून आणलीस. मग ती कणीदार होते आणि टाळूला चिकटते. सोलकढी माठातल्या पाण्याइतकी गार असावी, बर्फासारखी नाही.”

आता भाच्याचा आवाज चढला. “आत्या, मे महिन्यात पेणला खोबऱ्याचा कच्चा रस आणि कच्ची लसूण बाहेर ठेवू? एखाद्याचं पोट बिघडलं तर त्याला मी चोवीस अंश समजावून सांगू? तुझी चव मला कळते. पण माझ्यावर माणसांच्या तब्येतीची जबाबदारी आहे, ती तुझ्यावर नाही.”

आत्या थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. या वादात भाचा सर्वांत बरोबर होता तो इथे. चांगल्या सोलकढीचे गोडवे गाणारे बहुतेक जण घरच्या वाटीबद्दल बोलतात, आणि रस्त्यावरच्या स्वयंपाकघरात उष्णता, गर्दी आणि उरलेला माल यांचे काय करायचे ते सांगत नाहीत.

फुटण्याचा प्रश्नही इथेच येतो. नारळाच्या रसातली प्रथिने आंबटपणा वाढला, सामू सुमारे ४ पर्यंत उतरला, की गोळा व्हायला लागतात. आगळ त्याहून कितीतरी आंबट. म्हणजे सोलकढी एकत्र केली त्या क्षणापासून फुटण्याच्या वाटेवर असते. उकळली तर लगेच, ठेवली तर काही वेळाने. म्हणून ती कधी उकळत नाहीत आणि आगळ शेवटी, थोडे थोडे घालतात. खालचे पाणी आणि वरचा जाड थर वेगळा झालेली कढी ढवळून देतात, पण ढवळल्याने ती पुन्हा एकजीव होत नाही.

तोडगा भाच्याला सापडला, आणि तो त्याच्या हॉटेलच्या शिक्षणातून आला. “बारमध्ये कॉकटेल बादलीत करून ठेवत नाहीत,” तो हळूच म्हणाला. “सगळं वेगवेगळं तयार असतं. मागणी आली की ढवळतात. मग आपण सोलकढी पिंपात का करतो?”

“पुढे बोल.”

“नारळाचा रस वेगळा, फ्रिजमध्ये. आगळाचं पाणी वेगळं, त्यात लसूण, मिरची, जिरं वाटून. आंबट आणि खारट असल्यामुळे ते बराच वेळ टिकेल, तरी तेही फ्रिजमध्येच. नारळाच्या रसात अजून आंबट पडलेलं नाही, म्हणून वर आलेली साय कोमट भांड्यात जराशी हलवली की परत मिसळते. ताट निघताना दोन्ही पेल्यात एकत्र. कोथिंबीर वरून.”

सर्वोत्तम सोलकढी कुठे मिळते, या प्रश्नाचे सगळ्यात उपयोगी उत्तर इथे दिसते. गावाचे किंवा खानावळीचे नाव विचारण्यापेक्षा नारळ आणि कोकम केव्हा भेटले हे विचारावे. पेणला असो की रोह्याला, ताट येण्याआधी काही मिनिटे एकत्र केलेली साधी सोलकढी सकाळी केलेल्या उत्तम सोलकढीला मागे टाकते. सिंगापूर स्लिंगवर कृतीचे कितीही वाद होवोत, चांगल्या बारमध्ये ती गिऱ्हाइकासमोर केली जाते. सोलकढीला तेवढा मान मिळायला काय हरकत आहे?

अर्थात सोलकढीच्या नावाखाली बसणारी सगळीच पेये या चौकटीत येत नाहीत. गोव्यात आणि दक्षिण कोकणात नारळ न घालता फुटी कढी आणि तिवळ करतात. त्यांत फुटण्याचा प्रश्नच नाही. रायगडातल्या घरांत कोकमाचे गरम सार होते, गूळ आणि जिऱ्याची फोडणी घातलेले, भातावर ओतून घ्यायचे. सोलकढीला वरून फोडणी देणारीही घरे आहेत. आत्यांना ते पटत नाही, भाच्याला पटते, आणि यावर दोघांनी फार वेळ घालवला नाही.

वेळ घालवला तो पाटीवर. दोघेही वेगवेगळ्या कागदांवर लिहीत होते. भाच्याने ‘पेणची एक नंबर’ खोडले आणि ‘ताटासोबत ताजी सोलकढी, ओल्या नारळाची’ असे लिहिले. आत्यांना ‘ताजी’ हा शब्द पुरेसा वाटेना. आगळ कुठल्या गावचे तेही पाटीवर यावे, असा त्यांचा आग्रह. दापोलीकडच्या बागायतदाराकडून एकाच बागेचे आगळ आणायचे आणि तसे लिहायचे.

“मग आपण रायगडची सोलकढी म्हणून रत्नागिरीचं कोकम विकायचं?” भाच्याने विचारले.

“नारळ रेवदंड्याचा, लसूण इथली, हात तुझा. आणि कोकम रोह्याकडचं हवं असेल, तर मे महिन्यात तोडायला माणसं घेऊन ये. झाडं आहेत. फळं खाली पडून कुजतात.”

“माणसांची मजुरी धरली तर पेला महाग होईल.”

“किती?”

भाच्याने हिशेब मांडला: नारळ, आगळ, फोडणारा माणूस, गॅस, वाया जाणारा रस. आत्यांनी वाया जाणारा रस खोडला, कारण मागणीनुसार मिसळले तर तो उरणारच नाही. भाच्याने तो पुन्हा लिहिला, कारण पावसाळ्यातल्या मंगळवारी किती गिऱ्हाइके येतील ते कोणालाच सांगता येत नाही. दर पाडायचा तर पावडरीची सोलकढीही ठेवावी लागेल, असे तो म्हणाला. ठेव, पण तिला सोलकढी म्हणू नकोस, आत्या म्हणाल्या. मग म्हणू काय, यावर संध्याकाळची परतीची गाडी सुटायची वेळ झाली, तरी दोघांचे एकमत झाले नव्हते.